माहेर बोटीने आले

या पानावर आपली दर आठवड्याला गाठ पडते. बेटावरचा बाजार, बोटींचे वेळापत्रक, कांद्याचे भाव आणि आमच्या दारातले नारळ यांच्या हकिगती मी लिहिते आणि आपण त्या गोड मानून घेता. पण मुलगी झाल्यापासून वाचकभगिनींच्या पत्रांत एक प्रश्न सारखा येतो : "पहिलं बाळंतपण, आणि तुम्ही माहेरी कशा गेला नाहीत?" कुणी काळजीने विचारले आहे, कुणी जरा रागाने. एका आजींनी तर "आई नाही का हो तुम्हाला?" असे लिहिले आहे. आई आहे, आजी, आणि चांगली खणखणीत आहे. पण या प्रश्नाचे उत्तर एका पानात मावणारे नव्हते. दिवाळी अंकात संपादक जागेबाबत जरा उदार असतात, म्हणून आज बैठक मारून सांगते.

आधी एक खुलासा. या पानावर मी नवऱ्याला 'हे' म्हणते. घरी आमचा कारभार सरळ 'अरे-तुरे'चा आहे. पण चारचौघांत 'हे' म्हटले की नवरा बोटभर उंच होतो, असा माझा अनुभव आहे.

तर ह्यांची बँकेतली बदली अंदमानात झाली ती २०२३ च्या जूनमध्ये. आणि तीही पोर्ट ब्लेअरला नव्हे, तिथून सरकारी बोटीने सुमारे दोन तासांवर असलेल्या नील बेटावर. एका इंग्रज सेनानीच्या नावावरून पडलेले हे नाव २०१८ च्या डिसेंबरात बदलून 'शहीद द्वीप' झाले; पण जेटीवरचा हमाल अजून "नील, नील" असाच पुकारा करतो. बेट एवढेसे आहे की सायकलवरून पाऊण तासात या टोकाचे त्या टोकाला जावे. आणि गावांची नावे ऐका : रामनगर, लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर. पहिल्या दिवशी ही नावे ऐकून मी ह्यांना म्हटले, "वनवासच आहे म्हणायचा!" हे म्हणाले, "चौदा वर्षं नाही, तीनच."

वनवास मात्र मोठा हिरवागार. भातशेती, केळी, सुपारी, नारळ. भाजीपाला इतका पिकतो की पोर्ट ब्लेअरच्या बाजाराला इथून जातो. ओहोटीला समुद्र इतका मागे सरतो की पोवळ्यांचे खडक उघडे पडतात आणि पोरे त्यात खेकडे हुडकतात. बटाटे-कांदे मात्र मुख्य भूमीवरून जहाजाने येतात. जहाज लांबले की कांद्याला सोन्याचा भाव येतो.

सगळ्यात अवघड गेले ते घड्याळ. आपल्या देशाचे घड्याळ एकच. पण मुंबई आणि हे बेट यांत वीस रेखांशांचे अंतर. एका रेखांशाला चार मिनिटे, म्हणजे ऐंशी मिनिटे झाली. जूनमध्ये पाचच्या सुमारास सूर्य डोक्याशी येऊन बसतो आणि हिवाळ्यात संध्याकाळी सव्वापाचला दिवेलागण होते. दादरला माझी आई दुपारच्या चहाचे आधण ठेवते तेव्हा इकडे माझा रात्रीचा कुकर चढलेला असतो.

२०२४ च्या जानेवारीत मला दिवस गेल्याचे कळले. बेटावर आरोग्य केंद्र आहे, डॉक्टर आहेत, नर्सबाई तर अशा की सारे बेट त्यांना ताई म्हणते. पण सोनोग्राफी, शस्त्रक्रिया, रक्तपेढी म्हटले की समुद्र ओलांडावा लागतो. पहिल्या तपासणीत कळले की माझे रक्त ओ निगेटिव्ह आहे. लग्नाआधी पत्रिका पाहिली होती, गुण मोजले होते. रक्तगट कुणी विचारला नव्हता! ह्यांचे बी पॉझिटिव्ह.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले, ते मीही सांगते, कारण आपल्यापैकी कुणाच्या लेकीसुनेला उपयोगी पडेल. आई निगेटिव्ह आणि पोटातले मूल पॉझिटिव्ह असेल, तर मुलाच्या रक्ताचे थोडे जरी कण आईच्या रक्तात मिसळले तरी आईचे शरीर त्यांना परके समजून त्यांच्याविरुद्ध तयारी करू लागते. पहिल्या मुलाला त्याचा सहसा त्रास होत नाही. धोका असतो तो पुढच्याला. म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास एक इंजेक्शन घ्यायचे आणि मूल पॉझिटिव्ह निघाले, तर जन्मानंतर बहात्तर तासांच्या आत दुसरे. बस्स, एवढे केले की झाले. फक्त हे इंजेक्शन बेटावर नव्हते.

पहिले तीन महिने उलट्यांत गेले. मग डोहाळे लागले. आयुर्वेदात गर्भवतीला 'दौहृदिनी' म्हणतात, म्हणजे दोन हृदयांची. म्हणून तिच्या इच्छा पुरवायच्या. माझ्या दोन्ही हृदयांनी एकमुखाने मागितले ते अळूचे फदफदे! चिंच-गूळ घातलेले, चण्याची डाळ, दाणे आणि खोबऱ्याच्या कातळ्या घातलेले, लग्नाच्या पंगतीतले. आता समुद्रात कुठे शोधायचा अळू?

आमच्या शेजारी एक वृद्ध बंगाली बाई राहतात. सगळे त्यांना ठाकुमा, म्हणजे आजी, म्हणतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने अंदमानात जमिनी देऊन वसवले, त्यांतले हे एक घर. मी त्यांच्या नातवाला आणि आणखी आठ-दहा पोरांना ओसरीवर गणित शिकवते. एके दिवशी काळा पहाड शिकवावा तशी मी फळ्यावर अळूचे पान काढून पोरांना विचारले, "असलं पान पाहिलंय का रे कुठे?" पोरे हसतच सुटली. दुसऱ्या दिवशी ठाकुमा पितळी वाडगे घेऊन हजर. "बौमा, ये कोचू है. हमारे घर के पीछे जंगल है इसका."

झाकण काढले आणि पाहते तर काय, अळूच! त्यात काळे चणे, खोबरे, आणि खाज मोडायला चिंच. मी ओसरीत बसून वाडगे पुसून खाल्ले आणि हातात रिकामे वाडगे धरून रडले. ठाकुमांना वाटले तिखट झाले.

इकडे रोज संध्याकाळी, म्हणजे रेंज आली तर, आईचा फोन. "सातव्यात यायचं म्हणजे यायचं. तिकीट काढलं का?" आईचे म्हणणे चुकीचे नव्हते. आपली ही माहेरी जाण्याची रीत काही वेडगळ नाही. सासरच्या कामातून पोरीची सुटका व्हावी, न मागता तिला दोन घास गरम मिळावेत, आणि रात्री मूल रडले तर तिच्या आधी दुसरे कुणी उठावे, एवढे शहाणपण त्यात आहे. पण माझ्या संसारात सासर कुठे होते? दोघेच आम्ही. मी गेले तर सुटका कुणापासून होणार? आणि ह्यांना पितृत्वाची रजा पंधरा दिवस. मूल जन्मेल तेव्हा हे दीड हजार कोसांवर नसले तरी दोन विमाने आणि एका बोटीच्या पल्याड असणार. मला ते नको होते. बाळाचे पहिले रडणे आम्ही दोघांनी मिळून ऐकायचे, असा मी मनाशी हट्ट धरला होता. शिवाय दादरच्या घरात आई-बाबा, भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले दोन खोल्यांत राहतात, हेही एक कारण होते. ते मात्र मी आईला कधी बोलले नाही.

हे म्हणत, "तू ठरव." वाचकभगिनींनो, नवरा जेव्हा "तू ठरव" म्हणतो, तेव्हा तो समंजस असतो की घाबरलेला, हे ओळखायला मला दोन वर्षे लागली.

अखेर २१ जुलैचे विमानाचे तिकीट निघाले. मी काढू दिले, पण मनात अढी होतीच.

आणि जूनचा शेवटचा आठवडा आला. इंजेक्शनसाठी सोमवारी पोर्ट ब्लेअरला जायचे ठरले होते. रविवारी रात्री वारा सुटला. सोमवारी जेटीवर फळा लागला : हवामान खराब, बोटी बंद. मंगळवारीही बंद. बुधवारी तर पाऊस असा की समोरचा ठाकुमांचा पाणवठा दिसेना. वीज गेली, फोन गेला. नारळ धपाधप पडत होते. त्या झाडांखालून जायला मला बंदी होती, म्हणजे घराबाहेर पडायलाच बंदी. तांदूळ, डाळ, सुके मासे घरात होते. भीती उपासाची नव्हती. भीती ही की, आता काही झाले तर?

त्यापूर्वी समुद्र मला घराच्या अंगणासारखा वाटे. त्या चार दिवसांत कळले की हे अंगण नव्हे, हा उंबरठा आहे, आणि तो ओलांडू द्यायचा की नाही हे तो ठरवतो.

आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरांनी धीर दिला. "इंजेक्शनला चार-दोन दिवस इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण प्रसूतीला चार दिवस थांबता येत नाही. तुमचा रक्तगट दुर्मिळ आहे. छत्तिसावा आठवडा लागला की तुम्ही या बेटावर राहायचं नाही. मुंबईला जा, नाही तर पोर्ट ब्लेअरला. इथे नाही."

पाचव्या दिवशी पहिली बोट सुटली. लाटा अजून मोठ्या, म्हणून मला मनाई. हे एकटे गेले. त्या इंजेक्शनला थंडावा लागतो, पण ते गोठताही कामा नये. म्हणून थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या, मध्ये कागदाचे वेष्टण आणि त्यात ती इवलीशी कुपी. परतीच्या बोटीत ह्यांना तीनदा उलटी झाली. पण थर्मास छातीशी धरून बसले होते. शेजारच्या उतारूने विचारले, "क्या है इसमें?" हे म्हणाले, "अगला बच्चा." तो बिचारा जागा बदलून बसला!

इंजेक्शन झाले. आणि त्याच रात्री आमचे भांडण झाले. हे म्हणाले, तिकीट अलीकडचे करून घेऊ, पुढच्या आठवड्यातच जा. मी म्हटले, "मला घालवायची एवढी घाई झाली आहे?" तेव्हा हे पहिल्यांदा मोठ्याने बोलले. "तू गेलीस तर मला झोप लागणार नाही. राहिलीस तरी लागणार नाही. मग निदान तू तरी कुठेतरी नीट झोप!" एवढे बोलून बाहेर ओसरीवर जाऊन बसले. पावसात भिजत नव्हते, पण तसेच दिसत होते.

सकाळी मी ठाकुमांकडे गेले. मला वाटले, इथली जुनी बाई, म्हणेल, "घाबरतेस काय, आम्ही नाही का इथे बाळंत झालो?" तसे ऐकायलाच मी गेले होते. ठाकुमा मासे साफ करत होत्या. माझे सगळे ऐकले, हात धुतले आणि त्यांनी मला जे सांगितले, ते त्यांच्या सुनेलाही ठाऊक नव्हते. पन्नास वर्षांपूर्वी त्यांची पहिली खेप. दोन दिवस कळा. समुद्र असाच खवळलेला. बोट आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली, तेव्हा तिच्याकडे काही काम उरले नव्हते. "लड़का था," एवढेच म्हणाल्या. मग माझ्या पोटावर ओला हात ठेवून म्हणाल्या, "समंदर से झगड़ा नहीं करने का, बौमा. खुला हो, तब चले जाने का."

मी घरी येऊन आईला फोन लावला. रेंज होती. सगळे सांगितले, इंजेक्शनचे, बंद बोटींचे, ह्यांच्या रजेचे, आणि मला ह्यांना सोडून यायचे नाही, हेही. दादरच्या दोन खोल्यांचे सोडून सगळे. आई बराच वेळ गप्प होती. मला वाटले फोन तुटला. मग म्हणाली, "त्या पोर्ट ब्लेअरला मोठं हॉस्पिटल आहे ना? खोली मिळेल ना भाड्याने? मग माझं तिकीट काढ. बाळंतपण मीच करणार. ते दादरला केलं काय आणि काळ्या पाण्यावर केलं काय." आणि फोन ठेवता ठेवता, "इकडे तशीही जागा कुठे आहे!" म्हणजे तिलाही ते ठाऊकच होते.

माझी आई जन्मात विमानात बसली नव्हती. बोट म्हणाल तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसला. ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चेन्नईला विमान बदलून आली, वर दोन तासांची बोट करून नीलच्या जेटीवर उतरली. साडीचा पदर खोचलेला, चेहरा पांढराफटक आणि हातात पिशवी घट्ट. पिशवीत हळीव, डिंक, खारीक, सुंठ, बाळंतशेपा, वेखंड. चेन्नईच्या विमानतळावर वेखंडाच्या कुड्या पाहून तपासनिसाने "हे काय?" म्हणून विचारले होते. आईने मराठीत संपूर्ण गुणधर्म सांगितले म्हणे. त्याने हात जोडून जाऊ दिले.

आई आणि ठाकुमा यांची गाठ पडली तो प्रसंग मी विसरणार नाही. आईचे हिंदी दादरच्या भाजीवाल्यापुरते. ठाकुमांचे हिंदी अर्धे बंगाली. दोघी समोरासमोर बसल्या आणि तासभर बोलल्या. काय बोलल्या, कोण जाणे! उठल्या तेव्हा एवढे ठरले होते की बंगाल्यांत गर्भवतीला 'साध' देतात, तिच्या आवडीचे सगळे करून तिला जेवू घालतात, म्हणजे आपले डोहाळजेवणच. तेव्हा दोन्ही एकाच दिवशी करायचे. त्या दिवशी पानात एकीकडे पुरणपोळी आणि दुसरीकडे तांदळाची पायेश होती. एकीकडे आईचे फदफदे, दुसरीकडे ठाकुमांचा कोचू. दोघी माझ्याकडे टक लावून बसलेल्या, आधी कशाला हात लावते म्हणून. मी दोन्ही एकदम कालवून खाल्ले. नऊ महिने संसारात जे शिकले नव्हते, ते राजकारण त्या पानाने शिकवले.

पाचव्या दिवशी समुद्र शांत होता. छत्तिसावा आठवडा लागायला अजून तीन दिवस होते. आई म्हणाली, "तीन दिवसांनी जाऊ." ठाकुमा म्हणाल्या, "आज." आम्ही त्याच दिवशी निघालो. ठाकुमा जेटीपर्यंत आल्या, पण बोटीकडे त्यांनी पाहिले नाही.

पोर्ट ब्लेअरला चढावरच्या एका गल्लीत एक खोली आणि स्वयंपाकघर मिळाले. हे शनिवार-रविवारी येत, बाकी दिवस आम्ही मायलेकी. सकाळी लवकर चालायला जायचे, मग आई पडवीत बसून दुपटी शिवायची. एके दिवशी आम्ही सेल्युलर जेल पाहिला. सावरकरांच्या कोठडीच्या दाराशी आईने चप्पल काढली. बाहेर आल्यावर म्हणाली, "दहा वर्षं! आणि मी विमानात तीन तास बसून कुरकुरत होते." त्या दिवसापासून तिने मुंबईच्या उकाड्याची आणि इथल्या उकाड्याची तुलना सोडली.

सप्टेंबर आला. ७ तारखेला गणपती बसले. १० तारखेला गौरी यायच्या होत्या. आईने चाळीस वर्षे घरच्या गौरी एकदाही चुकवल्या नव्हत्या. या वर्षी त्या वहिनीच्या हवाली करून आली होती. त्या दिवशी ती सकाळपासून वहिनीला फोनवर सूचना देत होती : मुखवट्यांची पेटी कुठे आहे, शेवंती किती आणायची, सोळा भाज्या कोणत्या. फोन ठेवला आणि खिडकीतून समुद्राकडे पाहत उभी राहिली. मी म्हटले, "आई, माझ्यामुळे—" ती म्हणाली, "गप्प बस. पाय वर करून बस, सूज आली आहे."

ह्यांनी रजा १६ तारखेपासून घेतली होती, कारण डॉक्टरांनी दिलेली तारीख १६. बँकेच्या माणसाला तारखेवर फार विश्वास. बाळाला मात्र कुणी कळवले नव्हते. ११ च्या रात्री कळा सुरू झाल्या. आईने ह्यांना फोन केला. पण रात्री बोट कुठली? हे पहाटे जेटीवर जाऊन उभे राहिले ते पहिली बोट सुटेपर्यंत. इकडे १२ सप्टेंबरला सूर्य वर येण्याच्या सुमारास आमची कन्या जगात आली आणि तिने पहिले रडणे आपल्या आजीला ऐकवले. हे पोचले तेव्हा ती दूध पिऊन झोपलीही होती.

म्हणजे पाहा, ज्या एका गोष्टीसाठी मी एवढा हट्ट केला, आईला समुद्र ओलांडायला लावला, तीच नेमकी हुकली. हे दाराशी उभे होते, केस वाऱ्याने विस्कटलेले, शर्टावर समुद्राचे मीठ. मला हसू आले आणि रडूही. हे म्हणाले, "उशीर झाला." आई म्हणाली, "काही उशीर झाला नाही. आता उठेल आणि रडेल. आयुष्यभर ऐका."

तो दिवस गौरी विसर्जनाचा. दादरला गौरी निघाल्या आणि इकडे ही आली. नावाचा प्रश्नच उरला नाही. आणखी एक गंमत. दुसऱ्याच दिवशी, १३ सप्टेंबर २०२४ ला, केंद्र सरकारने पोर्ट ब्लेअरचे नाव बदलून श्री विजयपुरम केल्याची घोषणा केली. म्हणजे आमची मुलगी जन्मली पोर्ट ब्लेअरला आणि घरी आली श्री विजयपुरमला, एक पाऊलही गाव न ओलांडता. आई म्हणाली, "गावाचंसुद्धा बारसं झालं. आपलंच राहिलंय."

मुलीचे रक्त पॉझिटिव्ह निघाले. दुसरे इंजेक्शन मला त्याच दिवशी मिळाले. थर्मासची गरज पडली नाही. आईने आणलेल्या बाळगुटीला डॉक्टरांनी नको म्हटले. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. आईने नाक मुरडले, पण ऐकले. हळिवाचे लाडू मात्र कुणालाच नाकारता आले नाहीत. हळीव दादरचे, नारळ नीलचा. ठाकुमांनी ह्यांच्या हाती काळ्या जिऱ्याची झणझणीत चटणी पाठवली. बंगाली बाळंतिणीला ती भाताबरोबर देतात. आईने आधी वास घेतला, मग चव घेतली, मग स्वतःच अर्धी संपवली.

सव्वा महिना झाला आणि २७ ऑक्टोबरला आम्ही नीलला परतलो. समुद्र तळ्यासारखा पडला होता. जेटीवर ठाकुमा उभ्या होत्या. या वेळी त्यांनी बोटीकडे पाहिले. मुलीला घेतले, तिचे इवलेसे तळपाय हातात धरले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग दिवाळी आली. कालीपूजेच्या आदल्या दिवशी ठाकुमांकडे चौदा प्रकारच्या पालेभाज्या एकत्र शिजतात आणि संध्याकाळी चौदा दिवे लागतात. आईने चौदाही भाज्या ओळखायचा चंग बांधला, नऊ ओळखल्या. ३१ ऑक्टोबरला पहाटे आमची नरकचतुर्दशी आणि रात्री त्यांची कालीपूजा. आईने मुलीला उटणे लावून, ओवाळून पहिली आंघोळ घातली. इतक्या पहाटे उठूनही सूर्याने आमच्यावर मात केली ती केलीच. संध्याकाळी सव्वापाचला दोन्ही घरांच्या मधल्या वाटेवर पणत्या लागल्या. कुणाच्या कुठल्या, हे मोजायला गेले ते फक्त ह्यांच्यासारखे बँकवाले.

तर आजी, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे. मी माहेरी गेले नाही; माहेर माझ्याकडे आले. अर्धे दादरहून दोन विमाने आणि एक बोट करून आले, अर्धे शेजारच्या घरात आधीपासूनच होते, मला ओळखता आले नव्हते. कुणी माझे अनुकरण करावे म्हणून मी हे लिहिलेले नाही. ज्यांना माहेरी जाता येते, त्यांनी खुशाल जावे आणि आईच्या हातचे खावे. पण ज्या लेकी नवऱ्याच्या नोकरीपायी डोंगरात, वाळवंटात, परदेशात जाऊन पडल्या आहेत, त्यांना ठाकुमांचे शहाणपण सांगते : घाई करायचीच असेल, तर ती आधी करावी. वाट मोकळी असताना निघावे. तेव्हा आपल्याला कुणी भित्रे म्हणाले तरी चालेल. आणि पत्रिका पाहायचीच असेल तर जरूर पहा, पण त्याबरोबर रक्तगटही विचारा.

आई मुंबईला परतली ती तुळशीचे लग्न लावून. जाताना जेटीवर तिने ठाकुमांची ओटी भरली, ठाकुमांनी तिला कोचूचे कंद बांधून दिले. ते दादरच्या गॅलरीत डालड्याच्या जुन्या डब्यात लावले आहेत. वहिनी सांगते, पाने चांगली हातभर झाली आहेत. आई रोज पाणी घालते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "हा आमच्या नीलच्या विहीणबाईंचा अळू."

आता लेक चालू लागली आहे. बोटीचा भोंगा वाजला की दाराकडे धावते आणि "आजी" म्हणते. तिला वाटते, आज्या बोटीनेच येतात.